टेस्ट पॉझिटिव्ह आली. हॉस्पिटलमध्ये नाव आत्ताच घालायचं की तीन महिने झाल्यावर? (ठाणे)

मानपाडाकर
२३ जून, रात्री ९.१०

नमस्कार. शेवटची पाळी १२ मे रोजी आली होती, म्हणजे आज बरोबर सहा आठवडे. घरची टेस्ट दोनदा पॉझिटिव्ह. पहिलीच वेळ, वय ३१, राहायला मानपाडा, नोकरी ऐरोलीत. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी दोन वर्षं चालू आहे, बाकी आजार नाही. फॉलिक अ‍ॅसिड अजून सुरू केलेलं नाही.

घरातल्या मोठ्यांचं म्हणणं असं की तीन महिने पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही आणि नावही तेव्हाच घालायचं. तोवर थांबलं तर काही बिघडतं का? आत्ता गेलं तर नेमकं काय करतात? बाळंतपण माहेरी कोल्हापूरला करायचं ठरतंय, मग इथे नाव घालून उपयोग काय? आषाढीच्या आणि श्रावणातल्या उपवासांचं काय करावं? जाणकारांनी कृपया नीट सांगावं.


ओपीडी_सिस्टर
२३ जून, रात्री १०.०५

अभिनंदन ताई. नातेवाइकांना तीन महिन्यांनी सांगा, त्यात काहीच बिघडत नाही. दवाखान्याला मात्र तो नियम लावू नका. नाव याच आठवड्यात घाला.

गरोदरपणात काही गोष्टींना मुदत असते आणि त्यातल्या बऱ्याच मुदती पहिल्या १२-१३ आठवड्यांतच संपतात. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. पाळीच्या तारखेपासून मोजलं तर सहा आठवडे, म्हणजे तुमचे हेच दिवस. म्हणून तर फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायला सांगतात. गेलेल्या दिवसांचा घोर लावून घेऊ नका, हा दोष मुळातच फार थोड्या बाळांत होतो. पण गोळी आज रात्रीच सुरू करा. नेहमीची मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम. मेडिकलवाले बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात ठेवतात. एवढी मोठी मात्रा मुख्यतः आधीच्या बाळाला कण्याचा दोष असेल, फिट्सच्या गोळ्या चालू असतील किंवा आईला आधीपासून मधुमेह असेल तर लागते. तुम्हाला कोणती हवी ते पहिल्या भेटीत ठरेल. तोवर ५ चीच मिळाली तर तीच घ्या, न घेण्यापेक्षा ते बरं.

थायरॉइडचं तर त्याहून तातडीचं. पहिले तीन महिने बाळ आईच्याच थायरॉइड हार्मोनवर अवलंबून असतं, त्यामुळे आईची गरज लगेच वाढते. आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईला मात्रा साधारण २५ ते ३० टक्के वाढवावी लागते. उद्याच टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करा आणि तुमच्या डॉक्टरांना फोन करून दिवस राहिल्याचं सांगा. मात्रा तेच वाढवतील. पुढे निम्मं गरोदरपण होईपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच. गोळी मनाने बंद करणं ही सगळ्यात मोठी चूक. 'पोटात बाळ आहे, औषधं नकोत' म्हणून बायका नेमक्या थायरॉइडच्या, फिट्सच्या, दम्याच्या गोळ्या सोडतात आणि आई-बाळ दोघांनाही त्रास होतो. काही औषधं मात्र खरंच बदलावी लागतात, उदाहरणार्थ बीपीच्या काही गोळ्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, मुरुमांसाठीची व्हिटॅमिन ए जातीची गोळी. ती बदलायची असतात ती याच दिवसांत, तिसऱ्या महिन्यात नव्हे.

तुमच्या १२ मे वरून तारखा काढून देते. २८० दिवस मोजले की १६ फेब्रुवारी ही बाळंतपणाची अंदाजे तारीख येते. पहिली सोनोग्राफी ३० जून ते ७ जुलैच्या दरम्यान. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषांची शक्यता सांगणारी रक्ततपासणी) २८ जुलै ते १७ ऑगस्ट या तीन आठवड्यांतच, नंतर तो होतच नाही. सरकारी नोंदणी १२ आठवड्यांच्या आत, म्हणजे ४ ऑगस्टच्या आधी. लोह आणि कॅल्शियम १८ ऑगस्टपासून. बाळाचे अवयव पाहणारी मोठी सोनोग्राफी १५ ते २९ सप्टेंबर. साखरेची दुसरी तपासणी २७ ऑक्टोबर ते २४ नोव्हेंबर. तीन महिने थांबून मग डॉक्टर शोधायला निघालात तर एनटीची वेळ हातातून जाऊ शकते, आणि मार्कर 'हाय रिस्क' आला तर विचार करायला दिवसच उरत नाहीत.

आणखी एक मुदत फारशी कुणी सांगत नाही. आधीच्या खेपेला बीपी वाढलं असेल, जुळं असेल, आधीपासून बीपी, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर बीपीचा धोका कमी करायला अ‍ॅस्पिरिनची कमी मात्रा (७५ ते १५० मिलिग्रॅम, रात्री) देतात. ती १२ आठवड्यांनंतर आणि १६ आठवड्यांच्या आत सुरू झाली तरच तिचा खरा फायदा. आपल्या मनाने घ्यायची नाही. डॉक्टरांना आधीचा सगळा इतिहास कळला तरच ते ठरवतात, आणि तो पहिल्या भेटीतच कळतो. वजन, उंची आणि बीपीही त्याच दिवशी मोजून घ्या. पुढे बीपी १४०/९० च्या वर गेलं तर मुळात किती होतं हे ठाऊक असावं लागतं.

खाजगी डॉक्टर असले तरी घराजवळच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नोंद करा. तिथे माता-बाल संरक्षण कार्ड आणि आरसीएच नंबर (सरकारी माता-बाल नोंदणीचा क्रमांक) मिळतो, धनुर्वाताचं टीडी इंजेक्शन मोफत मिळतं (पहिलं आत्ता, दुसरं चार आठवड्यांनी). प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, अर्थात उत्पन्न वगैरे अटींत बसत असाल तर. त्यालाही हेच कार्ड लागतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते. ज्यांना खाजगी परवडत नाही त्यांच्यासाठी ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. नवी मुंबईत वाशी, ऐरोली, नेरूळला महापालिकेची रुग्णालयं आहेत.


लॅबवाला_कळवा
२३ जून, रात्री ११.२०

सिस्टरांनी रक्ताच्या तपासण्यांचं फार लिहिलं नाही, ती भर घालतो.

पहिल्या खेपेला दोन-तीन ट्यूब रक्त आणि लघवीचा नमुना. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रक्तगट, साखर, टीएसएच, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, व्हीडीआरएल (सिफिलिससाठी), आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी. एचआयव्ही आणि हिपॅटायटिसचं नाव ऐकून लोक बिचकतात. या तपासण्या सगळ्यांच्याच होतात, कुणावर संशय म्हणून नाही. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आला तर बाळाला जन्मल्यावर १२ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन देऊन बहुतेक वेळा वाचवता येतं. एचआयव्हीतही औषधं लवकर सुरू झाली की बाळाला लागण होण्याची शक्यता अगदी थोडी उरते.

एचपीएलसीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण 'महाग आहे, पुढच्या वेळी करू' म्हणून हीच तपासणी यादीतून गळते. ही थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची वाहक ओळखण्यासाठी असते. वाहक बाई अगदी ठणठणीत असते, फार तर हिमोग्लोबिन जरा कमी. पण नवराही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता की बाळाला थॅलेसेमिया मेजर होईल, म्हणजे जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं. उल्हासनगर, मुलुंड, ठाणे पट्ट्यात सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली वस्ती मोठी आहे आणि त्यांच्यात वाहकांचं प्रमाण जास्त. शहापूर, जव्हार, मोखाड्याकडच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल दिसतो. तरी जात बघून तपासणी करायची की नाही हे ठरवू नये, मराठी घरांतही वाहक निघतात.

यात गफलत कुठे होते? एक, रक्तात लोह फार कमी असेल तर एचबी-ए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार, वाहकांत तो वाढलेला असतो) चा आकडा खाली दिसतो आणि वाहक सुटू शकते. म्हणून रिपोर्ट सीबीसीतल्या एमसीव्हीबरोबर (लाल पेशींच्या सरासरी आकाराबरोबर) वाचायचा. दोन, गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, लॅबला आधी सांगा. तीन, पाचव्या महिन्यात तपासणी झाली आणि दोघं वाहक निघाले तर पुढचे निर्णय फार कठीण होऊन बसतात.

साखरेसाठी उपाशी येण्याची गरज नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात, ५ ते १० मिनिटांत संपवायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. त्या दोन तासांत काही खायचं नाही, मॉलमध्ये फेऱ्या मारायच्या नाहीत, एका जागी बसायचं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा. लिंबू पिळून प्यायलं तर मळमळ कमी होते.

लघवीचा नमुना मधल्या धारेचा द्या, पहिली धार सोडून. तक्रार नसतानाही लघवीत जंतू असू शकतात, गरोदरपणात ते वर मूत्रपिंडात चढतात आणि अवेळी कळाही सुरू होऊ शकतात. म्हणून डॉक्टर लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) सांगतात, तो जास्तीचा खर्च समजू नका.

रक्तगट आरएच निगेटिव्ह आला आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर २८ आठवड्यांना अँटी-डी इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. मधे कधी अंगावरून रक्त गेलं तरी लगेच विचारायचं.


खाडीकाठ
२४ जून, सकाळी ७.४०

पहिले तीन महिने पूर्ण विश्रांती घ्यावी, रिक्षा-ट्रेन बंद, जिना चढू नये. लोहाची गोळी मात्र आजपासूनच सुरू करा, हिमोग्लोबिन चांगलं राहतं.


ओपीडी_सिस्टर
२४ जून, सकाळी ८.१५

@खाडीकाठ, काळजीपोटी लिहिलंत, पण दोन्ही मुद्द्यांवर असहमत.

झोपून राहिल्याने गर्भपात टळत नाही. सुरुवातीचे बरेचसे गर्भपात गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात, जिना चढल्यामुळे नाही. उलट आडवं राहून पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो, बद्धकोष्ठता होते, मनही खचतं. रोजचं काम, अर्धा तास चालणं चालू ठेवावं. वार खाली असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर डॉक्टर वेगळं सांगतील.

लोह पहिल्या तीन महिन्यांत सरसकट देत नाहीत कारण मळमळ वाढते आणि मग बाई गोळीलाच घाबरते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली निघालं तर लवकर सुरू करतात, तेही कारण बघून. म्हणून आधी रिपोर्ट, मग गोळी.


मानपाडाकर
२४ जून, दुपारी १.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रीच फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, सकाळी रक्त दिलं. एका ठिकाणी आजच सोनोग्राफी करून घ्या म्हणाले. घरच्यांना वाटतं सोनोग्राफीची किरणं बाळाला बाधतात. घाई करावी का? ती पोटावरून नाही तर खालून करतात असंही ऐकलं, ते सुरक्षित असतं का?


सोनोग्राफी_वाशी
२४ जून, दुपारी ३.५०

सोनोग्राफीत किरणं नसतात, ध्वनिलहरी असतात. एक्स-रे आणि सीटी वेगळे. योग्य कारणासाठी, नेमक्या वेळी केलेली सोनोग्राफी बाळाला बाधत नाही.

त्रास काही नसेल तर आज करू नका. पाचव्या आठवड्यात नुसती पिशवी दिसते, सहाव्यात ठोका कधी दिसतो कधी नाही. ठोका दिसला नाही की 'दहा दिवसांनी या' असं सांगावं लागतं आणि घरात विनाकारण सुतक पसरतं. ३० जूनला सात आठवडे होतील, तेव्हा ठोका स्पष्ट दिसावा. पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल, चक्कर येत असेल, अंगावरून रक्त जात असेल तर मात्र आजच, या क्षणी. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत असेल तर वाट बघणं जिवावर बेतू शकतं.

इतक्या लवकर खालून केलेली सोनोग्राफी जास्त स्पष्ट दिसते, सुरक्षित असते, तिच्यासाठी लघवी करून यायचं. पोटावरून करायची असेल तर लघवी तुंबलेली लागते. महिला कर्मचारी सोबत हव्यात असं सांगा, तो तुमचा हक्क आहे.

या पहिल्या सोनोग्राफीत चार गोष्टी बघून घ्यायच्या: गर्भ गर्भाशयातच आहे का, ठोका आहे का, एक आहे की जुळं, आणि बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी. लांबीवरून तारीख पक्की होते. नऊ आठवड्यांच्या आत सोनोग्राफीची तारीख पाळीच्या तारखेपेक्षा पाच दिवसांहून जास्त वेगळी आली तर सोनोग्राफीची धरायची, नंतर १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत हा फरक सात दिवसांचा. एकदा ठरलेली तारीख नंतरच्या रिपोर्टांवरून बदलायची नाही. आठव्या महिन्यात बाळ 'लहान' दिसलं तर ते खरंच वाढत नाहीये की तारीखच चुकली होती, याचं उत्तर या पहिल्या रिपोर्टमधून मिळतं. सातव्या महिन्यात पहिल्यांदा येणाऱ्या बाईबाबत ते उत्तर कुणालाच नीट देता येत नाही.

एनटी स्कॅनला बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटरच्या मधे असावी लागते. माझं मत, १२ आठवड्यांच्या आसपासची, म्हणजे ४ ऑगस्टच्या जवळची वेळ आत्ताच घेऊन ठेवा. बाळ उलटं वळून बसलं तर दुसऱ्यांदा यायला जागा राहते. डबल मार्करचं रक्त त्याच दिवशी द्या. मार्कर ही चाळणी आहे, निदान नव्हे. १:२०० असा आकडा आला म्हणजे अशा २०० बायकांतल्या १९९ जणींचं बाळ त्या दोषापासून मुक्त असतं. पक्कं निदान वारेचा तुकडा किंवा गर्भजल तपासूनच होतं.

फॉर्म एफ (सोनोग्राफीच्या नोंदीचा सरकारी फॉर्म) भरावा लागतो, ओळखपत्र आणा. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. 'मुलगा होण्याचं औषध' कुणी दिलं तर घेऊ नका. लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेलं असतं, आणि अशा औषधांमुळे बाळात दोष यायचा धोका असतो.


नाचणी_सत्त्व
२४ जून, रात्री ९.००

आहाराचं लिहिते. पहिले तीन महिने 'दोघांचं' खायची गरज नसते. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त, म्हणजे एक नाचणीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि वाटीभर दही. बस, एवढंच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून ती भाकरी. वजन नेहमीचं असेल तर पूर्ण गरोदरपणात १० ते १२ किलो वाढ पुरे, पहिल्या तीन महिन्यांत एक-दोन किलो, किंवा उलट्यांमुळे काहीच नाही तरी चालतं.

मळमळीसाठी अंथरुणातून उठायच्या आधीच लाह्या, कुरमुरे किंवा टोस्ट कोरडा खायचा आणि दहा मिनिटं पडून राहायचं. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते, म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं. पाणी जेवताना नाही, मधल्या वेळात घोटघोट. तरी नाही थांबली तर डॉक्सिलामिन आणि बी-६ ची गोळी गरोदरपणात सुरक्षित आहे, डॉक्टरांना मागा, सोसत बसू नका. आठ तास लघवीच झाली नाही किंवा वजन पाच टक्क्यांनी उतरलं (५४ किलोच्या बाईत २.७ किलो) तर सलाईन लागतं.

गोळ्यांची वेळ हा खरा घोळ आहे. थायरॉइड, लोह आणि कॅल्शियम एकमेकांना शोषू देत नाहीत. तुमच्यासाठी असं बसतं: थायरॉइड सकाळी ६ ला साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्ता ७ नंतर. लोह ११ ला, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दुपारच्या जेवणाबरोबर आणि ५०० रात्रीच्या. लोहाच्या आधी-नंतर तासभर चहा नको. शौच काळी होते, घाबरू नका. 'गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही' अशा तक्रारीत बरेचदा तिन्ही गोळ्या नाश्त्याबरोबर एकदम गिळलेल्या असतात.

उपवास: निर्जळी अजिबात नको. साबुदाण्यात जवळपास फक्त स्टार्च, प्रथिनं नावाला. आषाढीला करायचाच असेल तर राजगिऱ्याची भाकरी, दूध, दही, शेंगदाणे, केळं, दर दोन-तीन तासांनी. औषधांनी उपवास मोडत नाही. साखर वाढलेली निघाली तर उपवास नकोच.

पपई: कच्ची, अर्धवट पिकलेली टाळा, तिच्यात चीक असतो. पूर्ण पिकलेली चालते. तीळ, अननस नेहमीच्या प्रमाणात चालतात. चहा दिवसाला दोन कप. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा, मांदेली, बोंबील उत्तम. मोरी नको आणि मोठी सुरमई कमी, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असल्याने सध्या बाजारात बर्फातला माल जास्त, वास घेऊन घ्या आणि पूर्ण शिजवा. सुकट, जवळा चालेल, पण दोन-तीन पाण्यांनी धुऊन मीठ काढा. कुणी दिलेले काढे, भस्मं बंद, काहींत शिसं असतं.


चाकरमानी_ठाणे
२५ जून, रात्री ८.१०

पाऊस सुरू झालाय म्हणून हे. घोडबंदर पट्ट्यात अनेक सोसायट्यांना टँकरचं पाणी येतं. पिण्याचं पाणी खळखळून उकळा, बाहेरची पाणीपुरी, बर्फाचा गोळा, उघडी चटणी चार महिने विसरा. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ची कावीळ इतरांना सहसा आपोआप बरी होते, गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती जीवघेणी ठरू शकते. तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा, पाण्यातून चालल्याचं आणि दिवस गेल्याचं. लेप्टोसाठी (साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापासाठी) नेहमी देतात ती डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात टाळतात, दुसरी औषधं आहेत. तापाला पॅरासिटामॉल, आयब्रुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नको. दुसऱ्या दिवशीही ताप राहिला तर डेंगी-मलेरियाची तपासणी.

ठाणे ते ऐरोली ट्रेनचा प्रवास छोटा आहे, मधे दिघा गाव एवढंच स्टेशन. त्रास असतो तो चढण्या-उतरण्याच्या रेट्याचा. ऑफिसला तासभर वेळ पुढे-मागे मागून घ्या. दिव्यांग डब्यात गरोदर बायकांना मुभा आहे, डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवा. रजेसाठी आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, त्यातली जास्तीत जास्त आठ बाळंतपणाच्या आधी.

कोल्हापूरला ३४ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ५ जानेवारीच्या आसपास पोचा. पण तिथे पहिल्यांदा तेव्हाच जाऊ नका. दिवाळीच्या पुढे-मागे एकदा जाऊन तिथल्या डॉक्टरांकडेही नाव घाला. इथली फाइल, पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्तगट, माता-बाल कार्ड यांचे फोटो मोबाइलमध्ये आणि मूळ कागद सोबत. रात्री-अपरात्री १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात जायचं असेल तर गरोदर मातांसाठी १०२ ची गाडी मोफत आहे.


मानपाडाकर
२७ जून, संध्याकाळी ६.२५

रिपोर्ट आले. रक्तगट ओ पॉझिटिव्ह, साखर ११२, हिपॅटायटिस वगैरे निगेटिव्ह. टीएसएच ४.६, डॉक्टरांनी गोळी ७५ केली. हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही ६६, आरबीसी ५.२. एचपीएलसीमध्ये एचबी-ए-टू ५.१ टक्के, शेरा 'थॅलेसेमिया मायनर'. डॉक्टर सोमवारी भेटतील, तोवर जीव टांगणीला लागलाय. @लॅबवाला_कळवा, कृपया सांगाल?


लॅबवाला_कळवा
२७ जून, संध्याकाळी ७.००

ताई, तुम्हाला आजार नाही, तुम्ही वाहक आहात. आकडे जुळतात. एचबी-ए-टू ३.५ च्या वर म्हणजे वाहक, आणि एमसीव्हीला आरबीसीने (लाल पेशींच्या संख्येने) भागलं तर १२.७ येतात, १३ च्या खाली आलं की लोहाच्या कमतरतेपेक्षा थॅलेसेमियाचा संशय जास्त. म्हणून लोह सुरू करण्याआधी फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घ्या. ते कमी असेल तर लोह द्यायचंच, नसेल तर उगाच नको. फॉलिक अ‍ॅसिड वाहकांना बहुधा ५ मिलिग्रॅमचं देतात, सोमवारी विचारा.

आता सगळं यजमानांच्या रिपोर्टवर. सोमवारची वाट न बघता उद्या सकाळीच त्यांची सीबीसी आणि एचपीएलसी द्या. 'माझं हिमोग्लोबिन १५ आहे' एवढ्यावर सोडू नका, वाहकाचंही तेवढं असू शकतं. रिपोर्टमध्ये फक्त थॅलेसेमिया नाही, तर एचबी-एस, एचबी-ई आणि एचबी-डी या हिमोग्लोबिनच्या इतर सदोष प्रकारांचाही उल्लेख बघा. त्यांचा रिपोर्ट नॉर्मल आला, आणि बहुतेक वेळा तो तसाच येतो, तर बाळाला मेजर होण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. फार तर ते तुमच्यासारखं वाहक असेल. तेही वाहक निघाले तर वारेचा तुकडा तपासायची वेळ ११ आठवड्यांपासून, म्हणजे २८ जुलैपासून. आज २७ जून. जनुकीय सल्लागाराला भेटायला आणि दोघांची डीएनए तपासणी आधी करून घ्यायला महिनाभर हातात आहे. यजमानांना उपाशी यायची गरज नाही. तुमच्या रिपोर्टची एक प्रत मात्र त्यांच्यासोबत द्या, लॅबला दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात.